अमीर अलीचे दोन बाप

बी.एड.च्या शैक्षणिक मानसशास्त्रात 'आनुवंशिकता आणि वातावरण' हा धडा असतो आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न हमखास येतो. उत्तरात लिहिण्यासाठी आम्ही सर्वांनी ज्यूक्स आणि कॅलिकॅक या दोन अमेरिकन घराण्यांची नावे पाठ केली होती. डगडेल याने १८७७ मध्ये ज्यूक्स घराण्यातील गुन्हेगारांची पिढीवार मोजदाद छापली. गोडार्ड याने १९१२ मध्ये कॅलिकॅक नावाच्या एकाच पुरुषापासून निघालेल्या दोन शाखा दाखवल्या, एक सभ्यांची आणि एक बिघडलेल्यांची. डगडेलला स्वतःला परिस्थितीचा वाटा मोठा वाटत होता आणि गोडार्डचे संशोधन पुढे तपासणीत टिकले नाही, एवढे मात्र गाईडमध्ये नसते. तिथे 'दोन्हींचा परिणाम होतो' एवढे लिहिले की गुण मिळतात.

वर्गाबाहेर मात्र निकाल आधीच लागलेला असतो. मराठीत 'खाण तशी माती' म्हणतात. आमच्या उर्दूत तर शिवीतच सगळा सिद्धान्त भरलेला आहे: बदजात, म्हणजे ज्याची जातच, ज्याचे मूळच वाईट. उलट बाजूला 'शरीफ' आणि 'खानदानी'. पोराने पेन चोरला की 'किसकी औलाद है' हा पहिला प्रश्न, पेन कुठे आहे हा नंतरचा. गुन्हेगारीच्या कथा-कादंबऱ्या याच शब्दांवर चालतात. वाईट माणूस वाईटच जन्मतो की घर त्याला तसा घडवते, हा वाद रहस्यकथेचे लेखक दीडशे-पावणेदोनशे वर्षे घालत आले आहेत. त्यातली एक फार जुनी आणि गाजलेली कादंबरी ज्याने लिहिली, तो माणूस काही काळ आमच्या बुलढाण्याचा हाकीम होता, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८, लिव्हरपूलचा. पोरवयात हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या चाकरीत लागला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यानंतर टेलरला नळदुर्गला नेमण्यात आले. १८५७ मध्ये उत्तरेत बंड पेटले, त्या वेळी त्याला बुलढाण्याला पाठवण्यात आले. फौजफाटा नसताना त्याने वऱ्हाड शांत राखला, अशी त्याची ख्याती. पण इथे येण्याच्या कितीतरी आधी, १८३९ मध्ये, लंडनमध्ये त्याची एक कादंबरी निघाली होती आणि विलायतेत ती खूप खपली. तिच्या नावाचा अर्थ 'एका ठगाची जबानी'. ती जबानी देणाऱ्याचे नाव अमीर अली.

अमीर अली साहेबासमोर बसून आपल्या खुनांची हकीकत सांगतो. आकडा सातशे एकोणीस. तो नीटनेटका राहतो, अदबीने बोलतो, नमाज पढतो. आणि तो ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. एका इज्जतदार पठाण घरातले हे लहान मूल आईबापांबरोबर प्रवासाला निघते. वाटेत सोबतीला म्हणून ठगांची टोळी मिळते. आईबाप रुमालाने मारले जातात. टोळीतला गणेशा मुलालाही संपवायला निघतो, पण इस्माईल नावाचा जमादार आडवा येतो. त्याला मूल नसते. तो या पोराला उचलून घरी नेतो, आपला मुलगा म्हणून वाढवतो. मोठा झाल्यावर अमीरला गूळ खाऊ घालून, कुदळीची शपथ देऊन ठगीत घेतले जाते.

या कादंबरीतली आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट खून ही नाही. इस्माईल हा चांगला बाप आहे, ही ती गोष्ट. तो मुलाला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, त्याच्यावर जीव टाकतो. त्याच्या नजरेत चांगले दिसावे म्हणूनच अमीर पहिला गळा आवळतो. आजच्या थ्रिलरमध्ये खुनी माणसाच्या मागे दारुडा बाप, छळ करणारी सावत्र आई, अंधारी खोली हे ठरलेले सामान असते. प्रेम मिळाले नाही म्हणून बिघडला, हे स्पष्टीकरण ऐकून वाचकही निश्चिंत होतो, कारण आपल्या घरात तर प्रेम आहेच. टेलरने तो आधार काढून घेतला. घर मायेने भरलेले असूनही शिकवण खुनाची असू शकते. लाच घेऊन आलेला बाप पोरांसाठी मिठाई आणतो तेव्हा त्या घरातही मायाच असते. शिक्षक म्हणून पालकांना भेटताना हे वारंवार आठवते.

इथपर्यंत टेलर 'घर घडवते' या पक्षाचा वकील वाटतो. पण नीट वाचले की खोच दिसते. ज्याला घराने बिघडवले तो मुळात कोण? शरीफ पठाणाचा मुलगा. त्याचे देखणेपण, त्याची अदब, त्याचा तोरा, हे सगळे वाचक नकळत त्याच्या मूळ रक्ताच्या खात्यावर जमा करतो. आणि कादंबरीचा सर्वांत मोठा घाव पाहा. अमीर एका प्रवासी तरुणीला मारतो, तिच्या गळ्यातले ताईतासारखे घातलेले नाणे काढून घेतो आणि पुढे त्याला कळते की ती त्याची सख्खी बहीण होती. सातशे एकोणीस जिवांपैकी त्याला जाळतो तो हाच एक. बाकीचे कुणाचे तरी भाऊ-बहीण असतीलच, पण ते रक्ताचे नव्हते. म्हणजे कथा वातावरणाची आणि अश्रू आनुवंशिकतेचे. शिवाय गणेशा आहेच. तो क्रूर आहे, एवढे सांगून लेखक पुढे जातो. तो असा का झाला, यासाठी तो थांबत नाही. एकाला दोन बाप दिले, दुसऱ्याला एकही नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ही जबानी आहे, आणि ठगांविरुद्धची मोहीम माफीच्या साक्षीदारांवरच उभी होती. फाशी टळावी म्हणून साहेबाला हवे ते सांगणारा माणूस आपल्या बालपणाविषयी जे सांगेल, त्यात किती त्याचे आणि किती लिहून घेणाऱ्याचे? ठगी नेमकी केवढी होती यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. टेलरने स्वतः अशा साक्षीदारांचे जबाब ऐकले होते. तो डोळस लेखक होता, पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेला होता.

टेबलाच्या त्या बाजूने काय निष्कर्ष काढला, ते कायद्यात दिसते. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे झाले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींची नावे पुढे त्या याद्यांत गेली. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा युक्तिवाद होता. गंमत अशी की याच सरकारला आपल्या सिद्धान्तावर पुरता भरवसा नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची मुभा घेतली. रक्तच वाईट असते तर मुले तोडून काय उपयोग? त्याच्याही आधी जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी कारखाना काढला होता. तिथे ते आणि त्यांची मुले सतरंज्या आणि तंबू विणत. ठगांची पोरे विणकर झाली! ही कादंबरी मात्र कुणी लिहिली नाही, निदान आमच्या वाचनात नाही.

हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याच्या आदल्या वर्षी 'आवारा' पडद्यावर आला होता. कथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. न्यायाधीश रघुनाथ म्हणतो की चोराचा मुलगा चोरच होणार, आणि त्याने ज्याला तशी शिक्षा दिली तो जग्गा त्याच्याच मुलाला चोर बनवून दाखवतो. अब्बाससाहेबांचा हेतू उघड आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. इतक्या ठामपणे 'रक्त काही नाही, वस्ती सर्व काही' असे म्हणणारा सिनेमा तोपर्यंत आमच्याकडे कुठे होता? पण इथेही अमीर अलीचेच गणित आहे. न्यायाधीशाचा मुलगा चोर होऊ शकतो, हे सिद्ध झाले. चोराचा मुलगा न्यायाधीश होऊ शकतो, हे सिद्ध करायचे राहून गेले. प्रेक्षक राजसाठी रडतो, त्यात तो चुकीच्या जागी पडलेला शरीफजादा आहे, हे दुःख मिसळलेले असतेच.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या वाचकांना सांगायला नको. नूह अलैहिस्सलाम यांचा मुलगा तुफानात बुडाला आणि मूर्ती घडवणाऱ्या आजरच्या घरात इब्राहीम अलैहिस्सलाम वाढले. दोन्ही दाखले आमच्या मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असतात. त्यात रक्तही हरले आहे आणि घरही. प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, ही शिकवण ज्या समाजात आहे, त्याच्या तोंडी 'बदजात' ही शिवी इतकी सहज यावी, याचे नवल वाटते.

रहस्यकथेच्या बाजारातल्या आमच्या दोन उस्तादांबद्दल थोडे. आमच्या वडिलांच्या पिढीने मलकापूर, नांदुरा, शेगाव या लाईनवरच्या प्रवासात इब्ने सफी वाचले. त्यांच्या 'जासूसी दुनिया'त रहस्य उलगडते तेव्हा बुरख्याआडून पुष्कळदा शहरातला कुणी बडा, इज्जतदार माणूस निघतो. 'इम्रान सीरिज'चा नायक तर बड्या अफसर बापाने नालायक म्हणून घराबाहेर काढलेला मुलगा. म्हणजे शराफतीचा दाखला इब्ने सफी उलटा फिरवतात, आणि तेही हसत-हसत. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळापहाड कायद्याबाहेर राहूनही वाचकांचा लाडका होता. या दोघांना गुन्हेगाराच्या वंशावळीत रस नव्हता. त्यांना वेग हवा होता, आणि त्या वेगामुळेच त्यांच्या हातून या बाबतीत अन्याय कमी झाला असे आमचे मत आहे.

खरा अन्याय नंतर, 'वास्तववादी' गुन्हेपटांत सुरू झाला. १९९९ चा 'वास्तव' घ्या. रघूला चाळ आहे, आई आहे, पावभाजीची गाडी आहे, हातून नकळत घडलेला पहिला खून आहे. तो बिघडत जातो ते आपण पायरी-पायरीने पाहतो आणि शेवटी आईच त्याला गोळी घालते तेव्हा आपलाही घसा दाटतो. चांगलाच सिनेमा आहे. पण त्या धर्तीच्या चित्रपटांत मुसलमान गुंड आला की त्याच्याजवळ असते काय? डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, तोंडी 'जनाब'. त्याला चाळ नसते, शाळा नसते, अम्मी नसते. त्याच साली आलेल्या 'सरफरोश'मधल्या गुल्फाम हसनला फाळणीत होरपळलेले बालपण दिले आहे. तो अपवाद, आणि म्हणूनच त्या सिनेमातला तो माणूस लक्षात राहिला. वाईटपणा जन्मजात की घडवलेला, हा वाद लेखक सगळ्यांसाठी घालतच नाही. ज्याला तो आपला समजतो त्याला बालपण देतो. ज्याला परका समजतो त्याला नुसते नाव देतो, आणि नावावरून बाकीचे समजून घ्यायचे काम प्रेक्षकाचे.

राहिलेली बाजू मराठीत लिहिली गेली, पण ती रहस्यकथाकारांनी लिहिली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. गायकवाड ज्या जमातीत जन्मले तिला इंग्रजांनी चोर ठरवले होते. त्या घरातला मुलगा शाळेत जातो आणि पुस्तक लिहितो. साहित्य अकादमीने या दोन्ही पुस्तकांना पुरस्कार दिले. अमीर अली आणि राज यांच्या कथांत जी बाजू रिकामी होती, ती इथे आत्मकथनाने भरली आहे, आणि तीही कुठल्या हरवलेल्या शरीफ रक्ताचा आधार न घेता. यात चोरी आहे, पोलिसांचा मार आहे, भूक आहे, पळापळ आहे. कुठल्याही थ्रिलरला पुरेल इतका मालमसाला आहे. तरी रहस्यकथेच्या रॅकवर हे पुस्तक कुणी ठेवत नाही, कारण यात शोधून काढायचा गुन्हेगार पोलीस चौकीच्या दुसऱ्या बाजूला निघतो.

काही मित्र म्हणतील, प्रवासात वाचायच्या पुस्तकावर एवढे ओझे कशाला? पण नववीतला मुलगा जे पुस्तक बाकाखाली लपवून वाचतो ते तो पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त मनापासून वाचतो. त्यातल्या खलनायकाचे नाव त्याच्या स्वतःच्या नावासारखे किंवा त्याच्या पारधी शेजाऱ्याच्या आडनावासारखे असेल, तर त्या पात्राला निदान एक आई आणि एक गाव असायला हवे. टेलरने एका ठगाला एवढे दिले होते. त्याच टोळीतल्या गणेशाला मात्र त्याने ते दिले नाही.