मुखपृष्ठाची श्रीमंती आणि पानाचें दारिद्र्य

आजच्या मराठी पुस्तकांचें बाह्यरूप देखणें आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनीं मुखपृष्ठाला चित्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं नाटकांचीं नांवें अशीं रेखिलीं कीं, अक्षराच्या वळणावरूनच नाटकाची प्रकृति कळावी. त्या परंपरेला शोभेल असें काम करणारे कलावंत आजही आहेत. परंतु मुखपृष्ठ उलटून आंत शिरलें कीं, आमचा आनंद ओसरूं लागतो.

पुस्तक वाचलें जातें तें आंतील पानांवर. आणि हीं पानें बहुधा यंत्राच्या सवयीवर सोडलेलीं असतात. पानें जुळविण्याचीं संगणकावरील साधनें मूळ रोमन लिपीच्या हिशेबानें घडलेलीं आहेत. दहा पॉइंटांच्या अक्षराला बारा पॉइंटांची ओळ, हें प्रमाण तीं आपण होऊन धरतात. रोमन अक्षराला तें पुरतें. देवनागरीच्या माथ्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, आणि पायाशीं उकार. तेवढ्याच अंतरांत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. ओळ भरण्यासाठीं अक्षरें दूर सारावीं, हाही रोमनचाच संस्कार. आपल्याकडे त्यानें शिरोरेषा तुटते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ कित्येक टंकांत अंतर्भूत असतात. तरी मजकूर मराठी आहे एवढें यंत्राला न सांगितल्यामुळें हिंदी वळणाचींच अक्षरें उमटतात.

दुसरा दोष कागद विसरून पडद्यावर विसंबण्याचा. पडद्यावर अक्षर उजेडाचें असतें, कागदावर शाईचें. करडा मजकूर पडद्यावर नाजूक दिसतो. काळ्या शाईनें छापतांना त्याचे ठिपके होतात आणि अक्षराच्या कडा झिजतात. चार शायांच्या मिश्रणानें बारीक मजकूर छापला, तर एक शाई केसभर सरकतांच अक्षराला सावली येते. बांधणीच्या बाजूचा समास पडद्यावर पुरेसा भासतो. डिंकानें चिकटविलेल्या जाड पुस्तकांत त्याचा बराच भाग पाठ गिळते, आणि वाचकाला पुस्तक ताणून ओळीचें टोंक शोधावें लागतें.

कागद महाग आहे, ओळी विरळ केल्या तर पानें वाढतात, असें प्रकाशक म्हणतील. आक्षेप खोटा नाहीं. तीनशें पानांच्या पुस्तकाला त्यापायीं एखाद-दोन सोळापानी फर्मे अधिक लागतात. परंतु मुखपृष्ठावरील सोनेरी मुलाम्यासाठीं ज्यानें हात सैल सोडला, त्यानें आंतल्या फर्म्यांपुरती काटकसर सांगावी, हें आम्हांस पटत नाहीं. हा खर्च वाचत नसतो. तो वाचकाच्या डोळ्यांवर लादला जातो. सत्तरी गांठलेला वाचक चार पानांनंतर पुस्तक मिटतो आणि दोष आपल्या नजरेला देतो. शाळकरी मूल तें पुस्तक कंटाळवाणें ठरवितें. आपला वाचक कोठें गेला, हें लेखकाला कधींच कळत नाहीं.

साधनांची उणीव हें कारण आतां सांगतां येणार नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हां राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराला एकेक ठसा हातानें कोरावा लागे. त्या श्रमांतून निर्णयसागरी वळण सिद्ध झालें. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं घडविलेले कित्येक देवनागरी टंक कोणालाही विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती लक्ष घालण्याची.

आमची सूचना साधी आहे. छपाईपूर्वीं एक फर्मा प्रत्यक्ष वापरावयाच्या कागदावर काढावा आणि तो एखाद्या वृद्ध वाचकाच्या हातीं देऊन, रात्रीं दिव्याखालीं वाचून घ्यावा. परीक्षकांनींही मुखपृष्ठकाराच्या नांवाबरोबर पान कोणीं जुळविलें याची चौकशी करावी. बहुतेक पुस्तकांत तें नांव छापलेलेंच नसतें. या दुर्लक्षाचें मूळ तेथेंच आहे, असें आम्हांस वाटतें.