‘जिणं आमुचं’मधील पहिलटकरीण

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील भूक, अस्पृश्यता, नवऱ्याचा मार, शिक्षणाची धडपड यांची चर्चा झाली. परंतु एका अनुभवापाशी आली की आपली समीक्षा दोन वाक्यांत पुढे सरकते, असे मला सतत जाणवत आले आहे. तो अनुभव म्हणजे पहिलटकरणीचे बाळंतपण. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये तो निर्भीडपणे आला आहे. हे पुस्तक आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. समीक्षकांनी त्यातील बाळंतपणाच्या वर्णनाला ‘विदारक’ हे विशेषण दिले आणि आपली जबाबदारी संपवली. विशेषण देणे म्हणजे वाचणे नव्हे.

प्रस्थापित मराठी साहित्यात बाळंतपण नाही असे नाही. डोहाळे आहेत, ओटी आहे, माहेरी येणारी पहिलटकरीण आहे, बाळंतविडा आहे, पाळणा तर आहेच. पण कळा सुरू झाल्या की बहुतेक लेखक खोलीबाहेर येऊन उभा राहतो. आत काय चालले आहे ते त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. बाळाचा पहिला टाहो ऐकू आला की तो सुटकेचा श्वास सोडतो. मधले तास कोऱ्या कागदासारखे राहतात. त्या कोऱ्या जागेवर मग ‘मातृत्वाचे मांगल्य’ लिहिले जाते.

दलित साहित्याने हे मांगल्य नाकारले, पण खोलीचे दार त्यानेही लगेच उघडले नाही. आमच्या कवितेने आई उभी केली. वामन निंबाळकर आणि ज्योती लांजेवार यांच्या ‘आई’ या कविता सर्वांना माहीत आहेत. कष्टाने झिजलेली, पोरांसाठी राबणारी ही आई मराठी कवितेत नवीनच होती. तिचे मोल मी कमी मानत नाही. पण ही आई कवितेत येते ती आई होऊनच. तिचे शरीर आई कसे झाले, तेव्हा तिचे वय काय होते, तिच्याजवळ कोण होते, हे तिथे येत नाही. आपण आईला वंदन केले, पण अडलेल्या पोरीकडे पाहिले नाही.

बेबी कांबळे त्या पोरीकडे पाहतात. खेळण्याच्या वयात लग्न झालेली, अंग पुरते भरलेले नसलेली मुलगी बाळंत होते आहे. कळा लांबत जातात. भोवती बायांची गर्दी जमते आणि मूल कुठवर आले हे पाहण्यासाठी हात घातले जातात. नखांनी जखमा होतात. कोणी देवाला नवस बोलते, कोणाच्या अंगात येते, अंगारा लावला जातो. मूल झाले तरी सुटका नाही. जखमा चिघळतात, पू होतो, ताप चढतो. शेक आणि कढत पाणी यांनी अंग आणखी पोळते. आणि या सगळ्याहून मोठी असते भूक. बाळंतिणीला द्यायला घरात काही नाही, म्हणून तिने पोट बांधून पडून राहायचे. कितीतरी पोरी पहिल्याच बाळंतपणात संपल्या.

या वर्णनात लेखिकेने एक भेद केला आहे, तो समीक्षेने नीट ध्यानात घ्यायला हवा. कळा निसर्गाच्या आहेत. परंतु कोवळे वय, अज्ञानी हात आणि रिकामी चूल निसर्गाची नाही. ती समाजाने दिलेली आहे. जे या तिन्हींना एकत्र करून ‘बाईच्या जातीचे भोग’ म्हणतात ते माणसांचा अपराध निसर्गाच्या माथी मारतात. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असे आपल्याकडे मानत आले. महारवाड्यातल्या बाळाचे आणि त्याच्या आईचे नशीब सटवाई येण्याच्या फार आधीच गावाने लिहून ठेवलेले होते.

यावर असा आक्षेप येईल की वेदना सर्व स्त्रियांची सारखीच असते. आनंदीबाई जोशी उच्चवर्णीय होत्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. तिथेही कोवळे वय होतेच, आणि वैद्यकीय मदतीची वाण होती. हे खरेच आहे. आनंदीबाईंचे दुःख मी लहान करणार नाही. पण त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊ शकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी प्रबंधही लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. महारवाड्यातील पोरीच्या दुःखाला अशी वाट नव्हती. स्त्री म्हणून वेदना समान असेल. वेदनेतून बाहेर पडण्याचे दार मात्र जातीने मोजून दिलेले होते.

आणखी एक विसंगती पाहा. अनेक गावांत सुईणपण मांग किंवा महार स्त्रीकडे असे. नाळ कापणे, वार पुरणे हे ‘विटाळाचे’ काम. म्हणून ते तिच्या वाट्याचे. सवर्णाच्या लेकराला या जगात पहिला स्पर्श तिचा होई. पुढे तेच लेकरू मोठे होऊन तिच्या सावलीला शिवत नसे. ज्या हातांवर गावाने एवढा भार टाकला, त्या हातांना ज्ञान देण्याची गरज मात्र गावाला वाटली नाही. म्हणून बेबी कांबळे जेव्हा आपल्याच बायांच्या अडाणीपणावर बोट ठेवतात, तेव्हा आपण ओशाळून जाण्याचे कारण नाही. तो अडाणीपणा आमचा होता, पण तो आमच्यावर लादलेला होता.

ही पहिलटकरीण पुस्तकात कोणी एक नायिका नाही. ती सर्व आहे. शीर्षकातच ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. नवऱ्याचा मार स्वतः सोसूनही लेखिकेने आपले खाजगी दुःख पुस्तकाबाहेर ठेवले आणि समाजाची कथा सांगितली. हे लिखाण त्यांनी वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. तेव्हा या वर्णनाला ‘वैयक्तिक व्यथा’ म्हणणे चूक आहे. ते सामुदायिक जबानी आहे.

ही जबानी आपल्या चळवळीच्या विचाराशीही जोडलेली आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली कायदा झाला. पण तो कारखान्यातील स्त्रीपुरता. शेतात राबणारी पोर त्याबाहेरच राहिली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बजावले. ‘जिणं आमुचं’मधील ती पाने वाचल्यावर या भाषणांमागे कोणत्या पोरी उभ्या होत्या ते कळते.

आज दवाखाने आहेत. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. प्रश्न मिटला असे कोणी म्हणेल, म्हणून माझ्यापुरते सांगते. माझे पहिले बाळंतपण तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात झाले. आडनाव सांगताच नोंद घेणाऱ्या बाईंचे ‘अहो’चे ‘अगं’ झाले. कळांनी ओरडले तेव्हा ‘आता कशाला बोंबलतेस?’ असे ऐकवले गेले. मांडीवर चापट बसली. शेजारच्या खाटेवरची ऊसतोडणीची पोर तर ओठ चावून गप्प राहिली. तिला ओरडण्याचीही मुभा वाटत नव्हती. हात आता शिकलेले होते, हे मी मान्य करते, आणि त्या हातांमुळेच मी व माझी मुलगी जगलो. पण शिकलेल्या हातांतूनही जात गेलेली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. बाळंतपणाचे वर्णन समोर आले की त्यात कलात्मकता किती, असे विचारण्याआधी समीक्षकाने वेगळे प्रश्न विचारावेत: पोरीचे वय काय होते? हात कोणाचे होते? बाळंत झाल्यावर तिला खायला काय मिळाले? ज्या सौंदर्यशास्त्राला हे प्रश्न अशिष्ट वाटतात, ते अजून त्या खोलीबाहेरच उभे आहे. आणि आमच्या लेखकांनाही सांगणे आहे की आईच्या कविता खूप झाल्या. आता त्या आयांनी स्वतः काय सांगितले, ते ऐकून घेऊ आणि लिहून ठेवू.