सौर बंब : चौरस मीटर मोजायचे की बादल्या?

सौर ऊर्जेवरील माहितीपत्रकांत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत सौर बंबाचे एक ठरीव चित्र असते. छपरावर काळा संग्राहक, त्याच्या वर टाकी, कोपऱ्यात हसरा सूर्य आणि खाली ‘इंधनखर्च शून्य’ हे शब्द. विकसनशील देशांतील दवाखान्यांसाठी बंब सुचवायचा असला की त्याच चित्राला ‘निर्जंतुकीकरण’ हा आणखी एक शब्द जोडला जातो. या चित्रावर आमचे दोन आक्षेप आहेत. गरम पाणी नेमके कशासाठी हवे, हे ते विचारत नाही. आणि बंब कोठे बसवायचा आहे, हेही विचारत नाही. हे आक्षेप आपण सिंधुदुर्गातील मालवण किनारा डोळ्यांसमोर ठेवून तपासू.

प्रथम बंबाची खरी बाजू मांडू. शंभर लिटरच्या बंबाला सुमारे दोन चौरस मीटर संग्राहक लागतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५ किलोवॅट-तास ऊर्जा पडते, म्हणजे एकूण १०. त्यातील ४० टक्के पाण्यात उतरली असे धरू. ४ किलोवॅट-तास म्हणजे १४,४०० किलोज्यूल. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. तेव्हा शंभर लिटर पाणी सुमारे ३४ अंशांनी तापेल. पंचवीस अंशांचे पाणी एकोणसाठवर जाईल. त्यात थंड पाणी मिसळून ४० अंशांचे केले, तर पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या होतात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निकषाप्रमाणे सहा खाटा असतात. बाळंतिणीची आंघोळ आणि रुग्णांचे अंग पुसणे यांसाठी एवढे पाणी ही मोठीच सोय आहे. ही मिसळण याहून एका कारणासाठीही आवश्यक आहे. ६० अंशांचे पाणी थेट अंगावर पडले तर काही सेकंदांतच त्वचा भाजते.

आता हाच हिशोब जुलैत करू. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढगाळ दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर ५ ऐवजी २.५ किलोवॅट-तास मिळाले असे समजू. पाणी १७ अंशांनीच तापेल आणि बादल्या होतील सात. झड लागून ऊर्जा १ किलोवॅट-तासावर आली, तर वाढ जेमतेम सात अंशांची. म्हणजे टाकीत बत्तीस अंशांचे कोमट पाणी. प्रत्यक्षात मंद उजेडात संग्राहकाची कार्यक्षमताही घटते, तेव्हा हे आकडे उदारच म्हणायचे. हवा गार असते, कपडे वाळत नाहीत, अशा दिवसांतच गरम पाण्याची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच बंब हात आखडतो.

कोमट पाण्यात दुसरा धोका आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात चांगले वाढतात आणि त्या पाण्याच्या तुषारांवाटे फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आजारी माणसांच्या वास्तूत बंबाला विजेची किंवा अन्य इंधनाची जोड हवी, ती या कारणानेही. ही जोड नसलेला बंब स्वस्त दिसतो, पण तो अर्धवट आहे.

निर्जंतुकीकरणाचा दावा तर तपासून पाहिलाच पाहिजे. साध्या सौर बंबाचे पाणी ६० अंशांच्या आसपास असते. जिवाणूंचे बीजाणू २० मिनिटे उकळूनही टिकू शकतात. शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ‘निदान पाणी आधी तापवून मिळाले, एवढी तरी बचत होईल’ असे कोणी म्हणेल. तीही मोजू. पंचवीस अंशांचे एक लिटर पाणी १२१ अंशांची वाफ होईपर्यंत सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता घेते. त्यातील २,२०० फक्त अप्रकट उष्णता असते. बंबाने दिलेले ३४ अंश म्हणजे १४३ किलोज्यूल. बचत साडेपाच टक्के! अप्रकट उष्णतेचा पाठ शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. हात धुण्यासाठीही गरम पाण्याची अट नाही. साबण आणि वाहते पाणी पुरते. नवजात बाळाला तर पहिले चोवीस तास आंघोळच घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बंबाचे खरे काम बाळंतिणीची आणि रुग्णांची स्वच्छता हे आहे. ते काम लहान नाही; त्याला खोट्या बिरुदाची गरजही नाही.

जागेचा आक्षेप यापुढचा. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी सांगाडे गंजतात. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्यातील क्लोराइडमुळे पोलादी टाकीला बारीक छिद्रे पडू शकतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने याच किनाऱ्याला झोडपले आणि वीजपुरवठा विस्कळीत झाला. बंबाला वीज लागत नाही हे खरे. पण छपरावरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप विजेवरच चालतो. संग्राहक, टाकी, पंप आणि देखभाल करणारा माणूस ही एकच साखळी आहे.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्यांची यंत्रणा उभी राहिली. ती वाफ निर्माण करते आणि त्या वाफेवर स्वयंपाक होतो. पण शिर्डी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि अशा तबकड्यांना थेट ऊन लागते. ढगांतून झिरपलेला उजेड त्यांना एकत्र करता येत नाही. शिर्डीचे यश जसेच्या तसे मालवणला आणता येणार नाही, हे भूगोलाच्या तासालाच कळायला हवे.

मग चूक होते कोठे? आमच्या मते मोजमापात. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने सौर उष्णतेचे उद्दिष्ट संग्राहकांच्या क्षेत्रफळात मांडले : २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर. क्षेत्रफळ मोजायला सोपे असते, पण बंद पडलेल्या बंबाचेही क्षेत्रफळ तेवढेच भरते. दवाखान्याचे माप वेगळे हवे : जुलैतल्या पहाटे पाच वाजता प्रसूतिगृहात ४० अंशांच्या किती बादल्या मिळाल्या?

या मापाने पाहिले तर कोकणातील न्हाणीघरातला तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा हास्यास्पद ठरत नाही. पडवीत कोरडी ठेवलेली चुडते आणि सोडणे पावसातही पाणी तापवतात. धूर हा त्याचा मोठा दोष. तो बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला भोगावा लागतो. म्हणूनच सौर बंब हवा आहे. उन्हाचे आठ महिने त्याने भार उचलावा, पावसात दुसऱ्या इंधनाने साथ द्यावी, आणि वाफेचे काम वाफेच्या यंत्राने करावे.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. पुढच्या प्रदर्शनात सौर बंबाची प्रतिकृती मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारी एक कोरा तक्ता लावू द्या. साध्या डब्यातले पाणी जून ते डिसेंबर रोज किती तापते, याची नोंद त्यांनी त्यावर करावी. ढगाळ दिवस वगळू नयेत. प्रतिकृती पाहून लोक वाहवा करतील. तो तक्ता मात्र गावच्या आरोग्य केंद्राला खरोखर उपयोगी पडेल.