कन्सोल, सॉफ्टवेअर आणि जवारी : ध्वनिमिश्रणाच्या गुणविचाराविषयी

संगीताचे मिश्रण ॲनालॉग कन्सोलवर केले तर ते 'उबदार' लागते आणि संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये केले तर 'थंड', हे विधान ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते रूपक आहे याचेच विस्मरण झाले आहे. ध्वनीला तापमान नसते. मराठीत हे रूपक इंग्रजीतून आले. गळ्याविषयी आणि तंबोऱ्याविषयी मराठी रसिक ज्या शब्दांत बोलत आला ते गोलाई, आस, भरीवपणा, जवारी असे निराळेच आहेत. परिभाषा बदलली की वादाचा रोखही बदलतो काय, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेतला आहे.

आधी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमधील मिश्रण मुळात गुणाकार आणि बेरीज आहे. प्रत्येक ट्रॅकचे नमुने ठरावीक प्रमाणात वाढवून वा घटवून एकत्र मिळवले जातात, आणि ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट गणितात या बेरजेतील चूक कानाला कळण्याच्या पुष्कळ खाली राहते. १९९१ साली आलेल्या 'प्रो टूल्स'ला आरंभी चारच ट्रॅक होते, आणि त्या काळातील सोळा बिटांच्या यंत्रणांविषयीच्या तक्रारी निराधार नव्हत्या. त्या तक्रारी आजही जशाच्या तशा उद्धृत होतात एवढेच. कन्सोल मात्र नुसती बेरीज करीत नाही. संकेत ॲम्प्लिफायरमधून आणि काही रचनांत ट्रान्सफॉर्मरमधून जातो; त्यात किंचित खरखर मिसळते, शेजारच्या चॅनेलचा आवाज झिरपतो, आणि पातळी चढू लागली की मुळात नसलेले उपस्वर उत्पन्न होतात. ज्याला ऊब म्हटले जाते त्याचा मोठा भाग या विकृतीचा आहे. (कन्सोलच्या नावे जमा होणारे बरेचसे श्रेय खरे तर चुंबकीय फितीचे असते. शिवाय दोन मिश्रणांची पातळी काटेकोर सारखी केली नसेल, तर जे किंचित मोठे वाजते तेच कानाला सरस वाटते; बहुतेक हौशी तुलना येथेच बाद होतात.)

विकृती हा शब्द येथे दोषवाचक असण्याचे कारण नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी रुंद आणि अगदी अल्प उतार दिलेली असते. तार आणि घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकवून कारागीर असे स्थान शोधतो, जेथे कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून जाते. ही जवारी. तिच्यामुळेच खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले की, यंग-हेल्महोल्ट्झ नियमानुसार जे उपस्वर तारेत उठू नयेत तेही या वाद्यांत उठतात. म्हणजे तारेचा 'शुद्ध' ध्वनी बिघडवण्याची विद्या या परंपरेने शास्त्राइतक्या नेटकेपणाने जोपासली, आणि तिला दोष न म्हणता गुण म्हटले. जवारीदार आवाज ही गायकाची स्तुती आहे.

तथापि साम्य फार ताणता येत नाही. जवारी हेतुपूर्वक लावली जाते. कन्सोलच्या रचनाकारांची धडपड मात्र विकृती कमी करण्याची होती. तिला सौंदर्य प्राप्त झाले ते विकृतीरहित साधन हाती आल्यानंतर. बखरीच्या वाक्यरचनेचे असेच झाले. फारसीच्या वळणाने गेलेले ते गद्य त्या काळी कारकुनी व्यवहाराचे गद्य होते. ऐतिहासिक कादंबरीत ते भारदस्तपणाची खूण बनले. आता सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कन्सोलांची अनुकरणे मिळतात, खरखरीसकट. ही भाषांतरे आहेत, आणि मूळ संहितेतील अडखळणेही इमानाने उतरवणाऱ्या भाषांतरकाराची अडचण त्यांनाही आहे: जे मुळात अटळ होते ते येथे निवडलेले असते, आणि नको असल्यास बंद करता येते.

कानाला जाणवणारा भेद अशा रीतीने आटत गेला, तरी एक भेद उरतो. तो निर्णयाच्या काळाचा आहे. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई संवाद, संगीत आणि परिणामध्वनी एकत्र करीत असत. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शकही मिश्रणासाठी त्यांच्याकडे येई. त्या पद्धतीत मिश्रण हा बोटांनी केलेला प्रयोग होता. गाण्यांच्या एकपट्टी मुद्रणात तर गायक, वादक आणि मुद्रक यांचा निर्णय एकाच क्षणी फितीवर गोठत असे. सॉफ्टवेअरमध्ये मिश्रण ही सदैव दुरुस्त करता येणारी संहिता होते. प्रत्येक आवृत्ती साठवून ठेवता येते, आणि अंतिम पाठ कोणता हे केवळ मुदत संपली म्हणून ठरते. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा पाठभेद ही काळाने केलेली हानी होती. येथे पाठभेद कर्त्याच्याच टेबलावर, एका दुपारीत जन्मतात.

हा फरक 'मुघल-ए-आझम'च्या दोन रूपांत नेमका ऐकू येतो. १९६० च्या चित्रपटातील शीशमहालाच्या नृत्यगीतात प्रतिध्वनी हवा म्हणून, तशी यांत्रिक सोय नसल्याने, नौशाद यांनी लता मंगेशकरांना स्टुडिओच्या न्हाणीघरात गायला लावले असे सांगितले जाते. नोव्हेंबर २००४ मध्ये रंगीत आवृत्ती आली. तिच्यासाठी नौशाद यांच्या देखरेखीखाली, उत्तम सिंग यांच्या साहाय्याने वाद्यसंगीत नव्याने मुद्रित झाले आणि मूळ गायनस्वर राखले गेले. तंतुवाद्ये रुंद झाली, श्रोत्याच्या मागेही वाजू लागली. त्यांची पातळी, अंतर, दिशा सारे काही पुन्हा ठरवता आले. आवाजाच्या बाबतीत ते शक्य नव्हते. त्याच्याभोवतीची हवा त्याच्यापासून वेगळी काढता येत नाही. सर्व बाजूंनी नव्या वाद्यांनी वेढलेला तो आवाज म्हणूनच काहीसा परका वाटतो, आणि तरीही गाण्याचे वजन त्याच्याच अंगी राहते: मिश्रणातील तेवढाच भाग असा आहे, ज्याविषयी कोणालाही दुसरा विचार करता आलेला नाही.