एकशे आठ सेकंद आणि एक व्हर्निअर

एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून ‘येत नसेल तर ठोकून दे’ हेही क्लासात शिकवतात. या परीक्षेतला न्याय आम्ही मानतो: भोसरीतल्या कामगाराची मुलगी आणि पुण्यातल्या डॉक्टरांचा मुलगा एकाच मापानं मोजले जातात. प्रश्न आहे तो मापाचा.

बारावीच्या भौतिकशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे. पण इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरतो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बोर्डाचे गुण पात्रतेपुरते, खुल्या गटाला 45 टक्के. मग ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली कॉलेज उरतं कागदावर, मुलं दिवसभर क्लासात आणि प्रयोगशाळेला कुलूप.

चाकणच्या कारखान्यात बाप रोज व्हर्निअरनं माप घेतो. मुलगी व्हर्निअरचं चित्र बघून पर्याय निवडते. आणि व्हायचंय तिला इंजिनिअर! दोष तिचा नाही. ज्याला गुण, त्यालाच वेळ मिळणार. म्हणून आमचं म्हणणं एवढंच: प्रात्यक्षिक बाहेरच्या परीक्षकासमोर खरोखर घ्या, आणि ते गुण प्रवेशात धरा. कुलूप आपोआप निघेल.