सूची, शोध आणि आपली पुस्तके

ग्रंथसूचीला साहित्य मानण्याची प्रथा आपल्याकडे नाही. कादंबरीचे परीक्षण होते, काव्यसंग्रहाचे होते. सूचीकाराच्या वाट्याला मात्र एखाद्या प्रस्तावनेतील आभाराची ओळ येते. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे या उपेक्षेला मिळालेले सडेतोड उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. पहिल्या सूचीत १८०० ते १९३७ आणि दुसरीत १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांच्या नोंदी त्यांनी केल्या. मराठीचा कोणताही अभ्यासक या ऋणातून मुक्त नाही.

अशा जुन्या छापील सूची संगणकावर आणून घरबसल्या शोधता याव्यात, या प्रयत्नांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पानांची छायाचित्रे घेतली म्हणजे सूची शोधण्याजोगी झाली, असे नव्हे. छायाचित्रातील मजकूर यंत्राला अक्षरशः वाचता यावा लागतो आणि झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या जोडाक्षरांपाशी ते अडखळते. दुसरी अडचण लेखनाची. दात्यांनी नोंदविलेले ग्रंथ १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे; तेव्हा ‘गीतें’, ‘चरित्रें’, ‘नांव’ असे लिहीत. आजचा वाचक अनुस्वाराविना शब्द देईल आणि दोन्ही रूपे जुळविण्याची सोय नसेल, तर संगणक निर्विकारपणे ‘नोंद नाही’ असे कळवील. छापील पानावर निदान शेजारच्या ओळीवर नजर जाते.

ख्रिस्ती वाचकाची अडचण याहून मोठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ पाहा. १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये ते गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. हा काळ दात्यांच्या मर्यादेपूर्वीचा. जोसेफ सालढाणा यांची मंगळूरची आवृत्ती १९०७ ची, पण तीही रोमन लिपीतील. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर. ग्रंथाचे नाव कोठे ‘ख्रिस्तपुराण’, कोठे ‘क्रिस्तपुराण’. कर्ता कोठे स्टीफन्स, तर पोर्तुगीज रूपात एस्तेव्हांव. ही सारी रूपे एका नोंदीशी जोडून देणे हे जाणकार ग्रंथपालाचे काम आहे. ते वगळून केलेले संगणकीकरण घाईचे ठरेल.

दात्यांनी आपली कालमर्यादा सूचीच्या शीर्षकातच सांगितली. संगणकाच्या पडद्यावर ती मर्यादा सहसा दिसत नाही आणि ‘सापडले नाही, म्हणजे नव्हतेच’ असा समज रूढ होतो. ज्या समाजाची पुस्तके दोन लिपींत आणि अनेक लेखनरूपांत विखुरली आहेत, त्याला हा समज परवडणारा नाही.

आपल्या धर्मग्रामांतील घरांत जुनी प्रार्थनापुस्तके, गीतपुस्तके, स्मरणिका अजून असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचे नाव, वर्ष, छापखाना आणि लिपी एवढे तरी वहीत उतरवून ठेवावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे. जी नोंद कधी झालीच नाही, ती कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.