‘मीन’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थव्यापार

ढग, शब्द आणि मनुष्य या तिघांनाही इंग्रजीत ‘मीन’ हे एकच क्रियापद चालते. ढग पावसाचे सूचक असतात, शब्द अर्थाचा वाचक असतो, मनुष्याला काही सांगावयाचे असते. क्रियापद बदलत नाही. शिवाय ‘अमुक करण्याचा बेत असणे’ हाही त्याचा जुना अर्थ आहे. जर्मन भाषेने हे काम वाटून दिले: चिन्ह व शब्द यांस ‘बेडॉयटन’, वक्त्यास बहुधा ‘माइनन’.

पॉल ग्राइस यांचा ‘मीनिंग’ हा १९५७ साली ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध याच क्रियापदाच्या पोटभेदांवर उभा आहे. असे पुरळ म्हणजे गोवर, असे म्हटल्यावर ‘परंतु गोवर नाही’ ही पुस्ती जोडता येत नाही. घंटेचे तीन टोले म्हणजे बस भरली, असे म्हटल्यावर मात्र ‘परंतु वाहक चुकला, बस भरलेली नाही’ असे म्हणता येते. पहिला अर्थ नैसर्गिक, दुसरा अनैसर्गिक. हा भेद इंग्रजीच्या वळणातूनच निघाला असावा, ही शंका साहजिक असली तरी टिकत नाही. वरील वाक्ये मराठी ‘म्हणजे’ने साधली असूनही कसोटी तशीच लागू पडते. न्यायशास्त्राने धूमावरून होणारे अग्नीचे ज्ञान अनुमानात आणि वाक्यावरून होणारे ज्ञान शब्दप्रमाणात घातले, तेव्हा त्याला इंग्रजीचा वाराही लागलेला नव्हता. (वैशेषिकांनी मात्र शब्दाचा अंतर्भाव अनुमानातच केला.)

खरी अडचण पुढेच आहे. बेत असण्याचा अर्थ ग्राइस केवळ सोयीसाठी म्हणून नैसर्गिक वर्गात टाकतात, आणि अनैसर्गिक अर्थाची व्याख्या मात्र वक्त्याच्या हेतूवरच करतात: श्रोत्याच्या ठिकाणी विशिष्ट समजूत उत्पन्न व्हावी व ती हा हेतू ओळखूनच व्हावी. ज्या क्रियापदात हेतू आधीच मुरलेला आहे, ते नित्य वापरणाऱ्यास ही व्याख्या स्वयंसिद्ध वाटते. मराठी वाचकास ती तशी वाटण्याचे कारण नाही. ‘म्हणजे’ हे ‘म्हणणे’ यापासून आले. त्यात उच्चार आहे, इच्छा नाही. इच्छा आणावयाची तर ‘म्हणावयाचे आहे’ असे निराळे रूप करावे लागते.

एवढ्याने व्याख्या खोटी ठरत नाही. तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, असे नैयायिकही मानीत. परंतु त्यांनी तात्पर्यज्ञानाला शाब्दबोधाच्या कारणांपैकी एक एवढेच स्थान दिले. पदाची शक्ती त्या त्या वक्त्याच्या इच्छेहून निराळी ठेवली. ग्राइस ती शक्तीही हेतूतूनच काढू पाहतात. शब्दार्थ व वाक्यार्थ यांविषयीच्या १९६८ सालच्या निबंधात त्यांना वक्त्याच्या संग्रही असलेल्या रीतींचा आधार घ्यावा लागला. आणि रीत आली की संकेत आलाच.